दुबार लाभार्थी

आमच्या समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, की बैठकीतले सगळे अधिकारी आपापल्या फायलीत काहीतरी शोधायला लागतात. त्या दिवशी मीही शोधायला लागलो. माझ्या फायलीत मागच्या बैठकीच्या चहाचं बिल सोडून काही नव्हतं, पण ते मी अशा गंभीर चेहऱ्याने वाचत होतो, की शेजारच्या टंकलेखकाने मान वाकवून त्यात डोकावून पाहिलं.

समिती विधिमंडळाची. सरकारची दोन खाती एकमेकांना न सांगता एकच काम दोनदा करतात, त्यावर नजर ठेवणं हे तिचं काम. नाव 'निरुपयोगी व दुबार योजना तपासणी समिती'. मी तिचा कक्ष अधिकारी. म्हणजे सभासद बोलतात ते लिहून घेणं, ते बोलायला हवं होतं तसं करून देणं आणि खुर्च्या पुरतात की नाही ते पाहणं. बोलणं हा माझ्या कामाचा भाग नाही. इतक्या वर्षांत मी बैठकीत बोललेलं शेवटचं वाक्य 'पंखा कमी करू का?' हे होतं.

"वर्षभर मी कागद वाचतेय," अध्यक्षबाई म्हणाल्या. "प्रत्येक खातं लिहितं, असा प्रकार आमच्याकडे नाही. मला एक उदाहरण हवंय. लहान चालेल, पण डोळ्यांनी पाहिलेलं. इथे बसलेल्यांपैकी एकानेही कधी काही पाहिलेलं नाही?"

त्यांची नजर टेबलावरून फिरत फिरत माझ्यापाशी आली आणि थांबली. का थांबली ते मला आजही कळलेलं नाही. कदाचित माझ्या मागे खिडकी होती म्हणून. पण थांबली, आणि माझ्या तोंडून शब्द निघून गेले.

"मॅडम, माझे सासरे."

उपसचिव साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझी बदली त्यांनी मनातल्या मनात करून टाकली असावी.

"तुमचे सासरे दुबार आहेत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

मग मला सगळं सांगावं लागलं. सासूबाई गेल्यापासून अप्पा, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडेच असतात. रोज सकाळी ते वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये जातात. तिथे समाजकल्याण खात्याचा 'ज्येष्ठ नागरिक मोबाइल साक्षरता वर्ग' चालतो. संध्याकाळी ते फिरायला जातात अशी माझी समजूत होती. पण एकदा पुस्तक बदलायला गेलो, तर अप्पा पुन्हा त्याच हॉलमध्ये, पुन्हा त्याच खुर्च्यांवर बसलेले दिसले. या वेळी तो माहिती तंत्रज्ञान खात्याचा 'वयोवृद्ध डिजिटल सक्षमीकरण उपक्रम' होता. प्रशिक्षकही तोच. सकाळी त्याच्या गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र असायचं, संध्याकाळी हिरव्या फितीचं. भिंतीवरचा फलकही तोच होता. एका बाजूला एका खात्याची योजना छापली होती आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या खात्याची. वाचनालयाचा शिपाई दुपारी तो उलटा करून लावायचा.

अध्यक्षबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "हेच," त्या म्हणाल्या. "हेच मी वर्षभर शोधतेय. स्थळपाहणी लावा."

त्या संध्याकाळी मी घरी जरा ताठ मानेने गेलो. बायको पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिला सगळं सांगितलं. सभासद कसे थक्क झाले तेही सांगितलं, जरा वाढवूनच.

तिचे हात थांबले. "तुम्ही अप्पांचं नाव सांगितलंत?"

"नाव नाही सांगितलं. नातं सांगितलं."

"अहो, तो माणूस दिवसातून दोनदा घराबाहेर पडतो. त्यातलं एकदाचं तुम्ही बंद करणार."

"मी कसं बंद करणार? विधिमंडळ करेल."

तिने माझा सदरा उचलला, त्याची अर्धवट घडी घातली आणि तो तसाच माझ्या मांडीवर ठेवून दिला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला अशा गोष्टींचा अर्थ कळतो.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. खालच्या मजल्यावरचे निवृत्त वकील जिन्यात भेटले आणि माझा हात धरून म्हणाले, "एक लक्षात घ्या. दोन्हीकडे लाभ घेतलाय. उद्या विचारतील, दोन खुर्च्या का अडवल्या? अप्पांना म्हणावं, आजारी पडा. आजाराला उलटतपासणी नसते."

समोरच्या काकूंचा सल्ला वेगळा होता. त्यांच्या भावाने एकदा कसल्याशा चौकशीत साक्ष दिली होती आणि तिथल्या वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला होता. "पांढरा शर्ट नको," त्या म्हणाल्या. "फोटोत माणूस भिंतीत जातो."

मी दोघांचेही आभार मानले. कोणाचं ऐकायचं ते ठरेना. अप्पांना विचारलं, तर ते म्हणाले, "तुमच्या ऑफिसचं काम आहे, जावईबापू. तुम्ही म्हणाल तसं." आणि जेवण झाल्यावर नेहमीसारखे ताट उचलून आत गेले. पण पाण्याचा पेला तिथेच विसरले. अप्पा पेला कधी विसरत नाहीत.

स्थळपाहणीच्या दिवशी सकाळी समिती हॉलमध्ये पोचली तेव्हा समाजकल्याणचे साहेब दारात हजर होते. तंत्रज्ञानवाल्यांना बोलावलेलं नव्हतं, तरी तेही होते. पत्राची प्रत मिळाली म्हणून आलो, म्हणाले. शिपायाला फलकाची कुठली बाजू लावायची ते कळेना, म्हणून त्याने तो मधोमध दुमडून टांगला होता. त्यामुळे भिंतीवर 'ज्येष्ठ नागरिक मोबा' एवढंच दिसत होतं. प्रशिक्षकाने गळ्यात निळी आणि हिरवी, दोन्ही फिती घातल्या होत्या. तो हजेरीचे फोटो काढत होता. हे त्याचं मुख्य काम. फोटो वर पाठवले नाहीत तर वर्ग झाला असं धरत नाहीत, आणि फोटो काढून वर पाठवेपर्यंत वर्गाची वेळ संपते.

मग शिकवत कोण होतं? ते मी पाहिलं आणि दारातच उभा राहिलो.

अप्पा उभे होते. घरात बसल्या बसल्या 'वर्तमानपत्र देता का' एवढंच बोलणारे अप्पा खोलीच्या मधोमध उभे होते आणि मोबाइल उंच धरून सांगत होते, "घाबरायचं नाही. चुकीचं दाबलं तर फोन फुटत नाही. मागे यायचा बाण कुठे आहे? दाखवा सगळ्यांनी." समोरच्या म्हाताऱ्यांनी बाण दाखवले. एक माजी बस कंडक्टर पहिल्या खुर्चीवर होता. तो म्हणाला, "सर, माझा बाण गेला." अप्पा त्याच्याजवळ गेले, वाकले आणि बाण परत आणला.

'सर' हा शब्द मी दोनदा ऐकला, तेव्हा कुठे माझी खात्री पटली.

"हे प्रशिक्षक का?" अध्यक्षबाईंनी कुजबुजत विचारलं.

"नाही, मॅडम. हेच ते. सासरे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं, आणि वहीत काहीतरी लिहून खोडलं.

संध्याकाळी समिती पुन्हा गेली. फलक उलटा झाला होता, माणसं दुसरी होती. फक्त अप्पा तेच होते. ते शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. इथे शिकवणाऱ्या होत्या एक निवृत्त परिचारिका, सगळे त्यांना सिस्टर म्हणत. आवाज खणखणीत. "काय विसरभोळे," त्या अप्पांना म्हणाल्या, "काल काय शिकलो आपण?"

"फोटो पाठवायला," अप्पा म्हणाले.

"मग पाठवा."

अप्पांनी मोबाइल उलटसुलट केला. "बाई, परत एकदा सांगता?"

त्यांनी परत सांगितलं. मग परत. तिसऱ्या वेळी अप्पांनी ते वहीत लिहून घेतलं.

अध्यक्षबाईंनी माझी बाही ओढली. "हे सकाळी शिकवत होते ना?"

"हो, मॅडम."

"मग आता यांना येत कसं नाही?"

उपसचिव साहेब म्हणाले, की हे अहवालात कुठे घालायचं ते पाहावं लागेल. अध्यक्षबाई म्हणाल्या, यांनाच साक्षीला बोलवा.

घरी येताना अप्पा आणि मी बरोबर चाललो होतो. कोपऱ्यावरच्या कुलपांच्या दुकानापाशी ते थांबले. काही घ्यायचं नसताना थांबले, म्हणून मीही थांबलो.

"जावईबापू, एक विनंती होती. सकाळचं संध्याकाळी सांगू नका. आणि संध्याकाळचं सकाळी."

"म्हणजे, अप्पा?"

"सकाळच्या लोकांना वाटतं मला सगळं येतं. मला फक्त एक दिवस आधीचं येतं. संध्याकाळी बाईंकडून शिकतो आणि सकाळी सांगतो." त्यांनी दुकानातल्या कुलपांकडे बघत पुढचं सांगितलं. "कारखान्यात नोकरीभर मला 'ए स्टोअर' म्हणायचे. स्टोअरमध्ये होतो म्हणून. नावसुद्धा बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं. इथे सर म्हणतात. मी सांगितलं नव्हतं हो तसं म्हणायला. ते आपण होऊनच म्हणायला लागले."

मी म्हणालो, काळजी करू नका. कशाच्या जोरावर म्हणालो ते देव जाणे.

साक्षीच्या दिवशी अप्पांनी निळा शर्ट घातला, काकूंच्या सांगण्यावरून. दोन्ही खात्यांचे सचिव समोरासमोर बसले होते. आधी त्यांना विचारण्यात आलं, की तुमच्या दोन योजनांत फरक काय.

समाजकल्याणचे सचिव म्हणाले, "मूलभूत फरक आहे. आमची योजना ज्येष्ठांसाठी आहे, त्यांची वयोवृद्धांसाठी."

"ज्येष्ठ आणि वयोवृद्ध यात फरक काय?"

"ज्येष्ठ म्हणजे साठीपासून, मॅडम."

"आणि वयोवृद्ध?"

"वयोवृद्ध म्हणजे साठीनंतर," तंत्रज्ञानचे सचिव म्हणाले. दोघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली. त्या प्रकरणात त्यांचं एकमत झालेला तेवढाच मुद्दा.

एका सभासदाने अप्पांकडे बोट केलं. "मग या गृहस्थांना काय म्हणायचं?"

"अप्पा म्हणतात मला," अप्पांनी सांगितलं.

अध्यक्षबाईंनी सगळ्यांना गप्प केलं आणि आवाज मऊ केला. "अप्पा, दोन्हीकडे तेच शिकवतात ना?"

"हो."

"मग तुम्हाला दोन्हीचा उपयोग काय?"

"तेच शिकवतात म्हणून तर उपयोग, बाई. वेगळं शिकवलं असतं तर पंचाईत होती."

"जरा समजावून सांगा."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी लिहीत असल्याचं दाखवलं. "एकीकडे ऐकतो," ते म्हणाले, "तेव्हा कळत नाही. दुसरीकडे कोणाला तरी सांगतो, तेव्हा कळतं. फक्त ऐकलं तर राहत नाही, आणि ऐकल्याशिवाय सांगणार काय?"

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच धरून ठेवला. हे नवीन होतं. अधिकाऱ्यांना फायलीत बघायचं की नाही ते समजेना. मग कोपऱ्यात पेंगत असलेले एक सभासद जागे झाले. त्यांनी विचारलं, हे दोन वर्ग यांच्याकडे आहेत तर माझ्या मतदारसंघात एकही का नाही? त्यावर बराच वेळ गेला. मूळ विषय कुठे होता ते शेवटी माझ्या टिपणातूनच शोधावं लागलं.

निष्कर्ष असा निघाला, की म्हाताऱ्यांचं ठीक आहे, पण समितीला काहीतरी बंद करायलाच हवं. दोनपैकी एक वर्ग बंद व्हावा. कोणता, ते खात्यांनी आपसात ठरवावं. शिफारस लिहायचं काम माझ्याकडे आलं.

इथे मला थोडं माझ्याविषयी सांगितलं पाहिजे. मला भाषण येत नाही, भांडण येत नाही, पंक्चर काढता येत नाही. पण मसुदा येतो. मी असं वाक्य लिहितो, की ते वाचून कोणीच दुखावत नाही. त्या दिवशी मी लिहिलं: 'समान स्वरूपाच्या उपरोक्त दोन योजनांपैकी दुबार असलेली योजना संबंधित विभागाने तत्काळ बंद करावी.' उपसचिव साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि एकच स्वल्पविराम घातला. आमच्याकडे याला शाबासकी म्हणतात. अहवाल सभागृहात मांडला गेला. वर्तमानपत्रात चौकट आली. मी ती कापून बायकोला दाखवली. तिने त्या कागदावर लसूण सोलला.

आता 'संबंधित विभाग' म्हणजे कोणता? मला स्पष्ट होतं की दोघांपैकी एक. पण अहवाल दोन्ही खात्यांत गेला, आणि दोन्हीकडे कोणीतरी तो वाचला. दोघांनाही वाटलं, हे आपल्यालाच म्हटलंय. एरवी ही खाती सहा स्मरणपत्रांशिवाय हलत नाहीत. पण अध्यक्षबाईंचा चष्मा दोघांनीही जवळून पाहिला होता. दोघांनी आपापला वर्ग बंद केला आणि दोघांनी आम्हाला अनुपालनाचा अहवाल पाठवला. शब्दन् शब्द तोच. माझ्या टेबलावर दोन्ही कागद एकदमच आले. मला वाटलं दुसरी प्रत आहे. मी दोन्ही एकत्र टाचले आणि फाईल बंद केली.

अप्पा सकाळी गेले आणि लगेच परत आले. हॉलला कुलूप होतं. संध्याकाळी गेले, तेव्हाही कुलूप. त्यानंतर ते गॅलरीत बसू लागले, हातात मोबाइल आणि नजर रस्त्यावर. बायको माझ्याशी एक अक्षरही वाईट बोलली नाही. डबा वेळेवर मिळत होता, भाजीत मीठ बरोबर होतं. त्यावरून मी ओळखलं, की परिस्थिती हाताबाहेर गेली आहे.

समोरच्या काकूंनी जिन्यात विचारलं, "तुमच्याच समितीनं बंद केलं ना हे?" वकीलसाहेब म्हणाले, अपील करता येईल, पण दोन्ही खात्यांविरुद्ध वेगवेगळं करावं लागेल, आणि दोन्हींत तुम्ही प्रतिवादी असाल.

मी अर्धी रजा टाकून समाजकल्याणमध्ये गेलो. तिथले साहेब हसून उभे राहिले. "आम्ही केली बंद. समितीचा शब्द आम्ही खाली पडू देत नाही."

"पण तंत्रज्ञानवाल्यांनीही बंद केली."

"हो का? मग त्यांना सांगा सुरू करायला. आता दुबार होणार नाही."

तंत्रज्ञान खातं रस्त्याच्या पलीकडे होतं. तिथल्या साहेबांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नेमकं हेच सांगितलं, फक्त 'त्यांना' म्हणताना त्यांनी बोट अलीकडच्या इमारतीकडे केलं. बंद योजना तशीच सुरू करता येत नाही, नवा प्रस्ताव लागतो. प्रस्तावाला एक दाखला जोडावा लागतो, की असं काम दुसरं कोणतंही खातं करत नाही.

"हा दाखला कोण देतं?" मी विचारलं.

"तुमची समिती," ते म्हणाले. "कक्ष अधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा."

मी स्वतःकडे अर्ज केला नाही, पण उपसचिव साहेबांना विचारलं. ते बराच वेळ छताकडे पाहत राहिले. "आपण बंद करणारे आहोत," ते म्हणाले. "सुरू करणं आपल्या कक्षेत येत नाही." आणि त्यांनी घंटी वाजवून चहा मागवला, म्हणजे विषय संपला.

एका सुट्टीच्या सकाळी दाराची बेल वाजली. दारात माजी कंडक्टर होते आणि त्यांच्यामागे लिफ्टपर्यंत म्हातारे.

"सर आहेत का?"

मी क्षणभर घोटाळलो. सर म्हणजे मीच, असंही एकदा वाटून गेलं. पण ते माझ्या खांद्यावरून आत पाहत होते. त्यांच्यापैकी कोणाचा तरी परदेशातल्या मुलीशी बोलताना चेहरा दिसेनासा झाला होता, फक्त कपाळ दिसायचं. अप्पा गॅलरीतून उठून आले. पाच मिनिटांत दिवाणखान्यात वर्ग भरला. माझी सोफ्यावरची जागा गेली. बायकोने चहा टाकला, आणि बऱ्याच दिवसांनी मला स्वयंपाकघरातून तिचं गुणगुणणं ऐकू आलं.

त्या संध्याकाळी सिस्टर आल्या, आपली माणसं घेऊन. पत्ता वाचनालयाच्या शिपायाने दिला होता. "काय विसरभोळे, घरी बसून सगळं विसरला असाल," असं म्हणत त्या सरळ आत शिरल्या.

असं काही दिवस चाललं. सकाळी एक तुकडी, संध्याकाळी दुसरी. मी वर्तमानपत्र स्वयंपाकघरात वाचत होतो आणि भिंतीपलीकडून तोच धडा दोनदा ऐकत होतो. संध्याकाळी सिस्टरच्या आवाजात, दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांच्या. ज्या योजनेविरुद्ध मी विधिमंडळात तोंड उघडलं, ती पूर्ण तपशिलासह माझ्या घरात चालू होती आणि चहा माझा जात होता. पण कोणाकडे तक्रार करायची? अशा तक्रारी ऐकण्यासाठी जी समिती आहे, तिच्यात मीच बसतो.

मग एकदा सकाळी वीज गेली. इमारतीत लिफ्ट बंद, आणि त्या लोकांना इतके मजले जिना झेपत नाही. कंडक्टरांनी सगळ्यांना एकदम निरोप पाठवला, की आजचा वर्ग संध्याकाळी. एकदम निरोप कसा पाठवायचा हे त्यांना अप्पांनीच आदल्या दिवशी शिकवलं होतं. अप्पांनाही तो निरोप आला. पण अप्पांना निरोप पाठवता यायचा, आलेला दिसायचा नाही. तो धडा अजून व्हायचा होता.

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आत कंडक्टरांची माणसं एका बाजूला, सिस्टरची दुसऱ्या बाजूला, आणि मधे माझा रिकामा सोफा. अप्पा कुठेच नव्हते. बायकोने डोळ्यांनीच न्हाणीघराकडे खूण केली.

मी दार वाजवलं. "अप्पा, लोक आलेत."

"कोणते?"

"दोन्ही."

आत नळ सुरू झाला.

"तुम्ही सुरू केलंत," बायको माझ्या कानाशी म्हणाली, "तुम्हीच निस्तरा."

मी दिवाणखान्यात गेलो. कंडक्टर सिस्टरना सांगत होते, "आमचे सर फार शांत शिकवतात. एकदाही रागावत नाहीत."

"कोण सर?" सिस्टर म्हणाल्या.

"इथलेच. त्यांचंच घर ना हे?"

"इथे तर आमचे विसरभोळे राहतात. त्यांना कालचं आज आठवत नाही."

आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. घरमालक मी, जावई मी, खुलासा माझ्याकडूनच यायला हवा होता. अप्पांना मी शब्द दिला होता आणि खोटं बोलायची मला सवय नाही. मला फक्त मसुदा येतो.

"संबंधित व्यक्ती," मी म्हणालो, "आत आहे. थोड्याच वेळात उपस्थित होईल."

याचा अर्थ कोणालाच कळला नाही. इतक्यात अप्पा आले. तोंड धुतलेलं, केस ओले, शर्टाची वरची गुंडी लावलेली. ते दाराच्या चौकटीतच थांबले. कंडक्टर उठून उभे राहिले. "या, सर."

सिस्टरनी कंडक्टरांकडे पाहिलं. मग अप्पांकडे. अप्पा जमिनीकडे पाहत होते. मग सिस्टर सोफ्यावर जाऊन बसल्या, शेजारी जागा केली आणि स्वतःचा मोबाइल पुढे धरला.

"सर," त्या म्हणाल्या, "हे पुष्कळ फोटो एकदम कसे पाठवायचे? मला मेलं जमतच नाही."

हे त्यांनीच अप्पांना काल शिकवलं होतं. चार वेळा. मी भिंतीपलीकडून ऐकलं होतं.

अप्पांनी मान वर केली. आले, बसले, मोबाइल घेतला. "घाबरायचं नाही," ते म्हणाले. "आधी एका फोटोवर बोट दाबून धरायचं. मग बाकीच्यांवर नुसतं टेकवायचं. मग..." त्यांचं बोट हवेत थांबलं. सगळे वाट पाहत होते. कंडक्टर वाकून पाहत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. पुढची पायरी मला माहीत होती आणि बोलता येत नव्हतं.

"खाली कोपऱ्यात काहीतरी हिरवं दिसतंय," सिस्टर म्हणाल्या. "ते तर नसेल?"

"तेच," अप्पा म्हणाले. "तेच सांगणार होतो."

खोलीभर मोबाइल वाजायला लागले. फोटो सगळ्यांना गेले. मलाही आले, तेव्हा कळलं की मीही त्या गटात आहे. मला कोणी घातलं ते अजून समजलेलं नाही.

लोक गेल्यावर आम्ही खुर्च्या जागेवर लावत होतो. अप्पा खुर्ची धरून म्हणाले, "जावईबापू, बाईंशी बोलणं झालं. उद्यापासून एकच वेळ. संध्याकाळची. बाई आणि मी मिळून घेणार. तुमच्या समितीला कळवायचं तर कळवा, एक वर्ग बंद झाला म्हणून."

मी त्यावर खरोखर विचार केला. वर्ग बंद झाला हे खरं, पण बंद झालेले दोन्ही आधीच बंद होते, आणि आता जो बंद झाला तो कोणी सुरू केलाच नव्हता. राहिलेला कोणत्या खात्याचा म्हणायचा? समाजकल्याणचा म्हणावा तर ते नाही म्हणतील, तंत्रज्ञानचा म्हणावा तर तेही. मी खुर्चीवर बसून हे बायकोला समजावून सांगू लागलो.

तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग चहाचे रिकामे कप भरलेला ट्रे उचलला आणि माझ्या हातात दिला.

"हे आधी तुमच्या खात्यात घ्या," ती म्हणाली. "आणि कान शाबूत असलेला कप जपून धुवा, तो सिस्टरचा ठरलाय."